‘प्रबंधाने रस्ता रुंद होत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

नगररचनेत पीएच.डी. करण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की नगररचना हे जागेवर करायचे काम आहे, त्यासाठी पदव्युत्तर पदवी पुरते, शहरांच्या विकास आराखड्यांचे निर्णय शेवटी राजकीय पातळीवर होतात आणि प्रबंधाने एकही रस्ता रुंद होत नाही. तेव्हा मी तरुणांना उमेदीची वर्षे वाया घालवायला सांगते आहे.

यातला पहिला भाग मला मान्य आहे. ज्याला आराखडे करायचे आहेत, त्याने पीएच.डी.च्या वाटेला जाऊ नये. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालानुसार देशातील 7,933 नागरी वस्त्यांपैकी सुमारे 65 टक्के वस्त्यांना आराखडाच नाही. तिथे नियोजनकार आधी कार्यालयात हवेत, हे उघड आहे.

मतभेद इथून पुढे सुरू होतो. आराखडा मंजूर झाला की तो करणारे पथक दुसऱ्या गावी जाते आणि त्याचे पुढे काय झाले हे तपासणे सहसा कोणाच्याच टेबलावर येत नाही. खेळाच्या मैदानाचे एखादे आरक्षण, म्हणजे आराखड्यात त्यासाठी राखून ठेवलेली खासगी जागा, घ्या. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 नुसार अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक ‘जागा घ्या’ अशी खरेदी सूचना बजावू शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते. लहान नगरपरिषदेतली अशी नस्ती (फाइल) उघडली की क्रम बहुधा ठरलेला असतो : मालकाची सूचना, सर्वसाधारण सभेचा ठराव, जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव, रक्कम जमा करण्याचे स्मरणपत्र, दुसरे स्मरणपत्र, आणि पुढे कोरी पाने.

पैसे नसतात हे शिपायालाही ठाऊक आहे, असे आपण म्हणाल. मात्र 2013 च्या भूसंपादन कायद्याने जमिनीच्या मोबदल्यावर द्यायची जादा दिलासा रक्कम 30 टक्क्यांवरून 100 टक्क्यांवर नेल्यानंतर आधी काय गळाले, मैदाने, शाळा की भाजी मंडई, हे कोणाला ठाऊक आहे? मोबदल्याऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देण्याची सोय मुंबईत 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीपासून आहे. पण ज्या गावात लोक मूळ चटईक्षेत्रही, म्हणजे स्वतःच्या जागेवर मुभा असलेले बांधकामही, पुरते वापरत नाहीत, तिथे तो टीडीआर विकत घेणार कोण? आणि राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीने लहानमोठी बहुतेक शहरे एकाच चौकटीत बसवली, त्याने या गावांचे काही साधले का? याची उत्तरे एका नस्तीत सापडत नाहीत. अनेक गावांच्या नस्त्या, भूमी अभिलेखचे मोजणी नकाशे आणि आजची जागेवरची स्थिती एकमेकांशी ताडून पाहावी लागते. नोकरीतल्या माणसाला तेवढी सवड नसते आणि सल्लागार कंपनीला या कामाचे पैसे कोणी देत नाही. उरतो तो संशोधक विद्यार्थी.

निर्णय राजकीय असतात, हेही खरेच. मुंबईचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी 2015 मध्ये प्रसिद्ध झाला आणि एप्रिलमध्ये मागे घेतला गेला, तो राज्य सरकारच्या आदेशाने. पण त्यातल्या विद्यमान रस्त्यांच्या आणि वास्तूंच्या नोंदी चुकल्या आहेत, हे नकाशे बारकाईने वाचणाऱ्यांनी दाखवून दिल्यावरच तो आदेश निघाला.

वर्षांचा आपला आक्षेप मात्र मी हलक्यात घेत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या विनियमांत किमान तीन आणि साधारणपणे कमाल सहा वर्षे धरली आहेत. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीचे दरमहा 37,000 रुपये मिळत असतील तर निभते; ती नसेल आणि घरची जबाबदारी असेल, तर नोकरी धरावी, असेच मी विचारणाऱ्यांना सांगते.

जाता जाता एक विनंती. नगररचना अधिनियमाच्या कलम 28 खालच्या नियोजन समितीपुढील हरकतींच्या सुनावणीचे कागद आराखडा मंजूर झाल्यावर कुठे ठेवले जातात, नगरपरिषदेत की नगररचना विभागाच्या शाखा कार्यालयात, आणि किती वर्षांनी नष्ट होतात, हे आपण अनुभवाने सांगू शकाल. ते इथे लिहिलेत, तर पुढच्या विद्यार्थ्याचे हेलपाटे वाचतील.