बोली लावा, वर्णन वाचू नका

पगार वेळेवर होतोय, हप्ते आटोक्यात आहेत, गुडघे अजून कुरकुरत नाहीत. नेमक्या अशा वयात माणसाला लहानपणीचा व्हिडिओ गेम आठवतो. तुम्हालाही आठवला असेल तर अभिनंदन. आता घरातलं कोणीतरी शहाणं माणूस म्हणेल, दुकानातून नवा घ्या की, बिल मिळेल, वॉरंटी मिळेल. त्याच्या नादी लागू नका. ज्यांचा नशिबावर भरवसा नाही त्यांनी बिलं मागावीत. तुम्ही सरळ ईबेवर जा आणि लिलावात उतरा.

ही जागा तुमच्यासाठीच आहे, हे तिच्या कुंडलीतच लिहिलेलं आहे. १९९५ साली पिएर ओमिडयारने साइट सुरू केली आणि तिथे विकली गेलेली पहिली वस्तू होती एक मोडका लेझर पॉइंटर. १४ डॉलर ८३ सेंटला. ओमिडयारने सचोटीने गिऱ्हाइकाला विचारलं, तो मोडका आहे हे कळलंय ना? गिऱ्हाईक म्हणालं, मी मोडकेच जमवतो. हा गृहस्थ आपल्या संप्रदायाचा मूळपुरुष. त्याच्यात दोष एवढाच होता की आपण काय विकत घेतोय हे त्याला ठाऊक होतं. तेवढं तुम्ही टाळा.

टाळायचा उपाय सोपा आहे: वर्णन वाचायचंच नाही. २०१३च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या एका तरुणाने ४५० पौंड मोजून एक्सबॉक्स वन हे गेमचं यंत्र घेतलं आणि त्याला घरपोच एक्सबॉक्स वनचा फोटो मिळाला. शीर्षकात ‘फोटो’ हा शब्द स्वच्छ छापलेला होता. विक्रेता अक्षरशः खरं बोलला होता. पुढे ईबेने त्या तरुणाचे पैसे परत केले आणि एका चांगल्या शिक्षणाची माती केली.

वाचायचंच झालं तर श्रद्धेने वाचा. ‘चाचणी केलेली नाही’ असं लिहिलं असेल तर समजून घ्या की या माणसाकडे यंत्र आहे, वायर आहे, घरात टीव्ही आहे, सहा बाजूंनी फोटो काढण्याइतका वेळ आहे. फक्त प्लग लावून बटण दाबायची सवड त्या बिचाऱ्याला झाली नाही. ‘किंचित पिवळेपणा’ हा निंटेंडोच्या जुन्या करड्या यंत्रांचा अलंकार. आगीपासून संरक्षण म्हणून त्या प्लास्टिकमध्ये ब्रोमीनची संयुगं घातली होती, उजेडाने आणि वयाने त्याचा रंग बिघडतो. फोटो ट्यूबलाइटखाली काढला की किंचित, तुमच्या टेबलावर आलं की कावीळ. आणि एखाद्या एक्सबॉक्स ३६०खाली ‘एकदाच तीन लाल दिवे लागले होते, नंतर नाही’ असं दिसलं तर क्षणभरही थांबू नका. तीन लाल दिवे म्हणजे यंत्राने मान टाकल्याची खूण, आणि त्यांच्यापायी मायक्रोसॉफ्टने २००७ साली वॉरंटी ३ वर्षांची केली आणि १ अब्ज डॉलरच्या वर रक्कम बाजूला काढली. ती मुदत केव्हाच संपली. म्हणजे आता यंत्रही संपूर्ण तुमचं आणि दिवेही.

विक्रेत्याच्या नावापुढचा टक्का बघा. ९९.८ दिसला की पुढे खोलात शिरू नका. तो टक्का शर्टाची बटणं आणि मोबाइलची कव्हरं विकून जमवलेला असू शकतो, पण सचोटी ती सचोटी.

आता मुख्य विधी, म्हणजे बोली. ईबेने एक नेभळट सोय करून ठेवली आहे. आपली कमाल रक्कम एकदाच सांगायची, मग प्रणाली गरजेपुरतीच बोली वाढवत नेते आणि तुम्ही निवांत झोपता. असं मुळीच करू नका. लिलाव संपायला पाच दिवस असतानाच उतरा आणि एकेक डॉलरने चढा, म्हणजे जगाला कळेल की या यंत्रासाठी कोणाचा तरी जीव टांगणीला लागलाय. समोरच्याचं पूर्ण नाव दिसत नाही. दोन अक्षरं आणि मध्ये तारका. तेवढं पुरे. एवढ्या भांडवलावर आयुष्यभराचं वैर उभं करता येतं. तो पैसेवाला आहे, तो हे यंत्र नुसतं कपाटात ठेवणार आहे, त्याला कॉन्ट्रा गेममधलं पहिलं जंगलही ओलांडता येणार नाही, हे सगळं त्या तारकांमध्ये तुम्हाला स्पष्ट दिसायला लागेल.

अमेरिकेतली रविवारची संध्याकाळ म्हणजे आपली सोमवारची सकाळ. दूध उतू जातंय, स्कूलबस खाली हॉर्न देतेय, आणि तुम्ही एका हाताने डबा भरत दुसऱ्याने बोली वाढवताय. ईबेचा लिलाव ठरल्या सेकंदाला बंद होतो, त्यामुळे पाच दिवस गप्प बसलेला कोणीतरी शेवटच्या चार सेकंदांत येऊन यंत्र उचलतो. म्हणून पुढच्या वेळी कमाल रक्कम दुप्पट ठेवा. मग जिंकालच. उलरिके मालमेंडियर आणि यंग हान ली या अर्थतज्ज्ञांनी ईबेवरच्या एका बोर्डगेमचे लिलाव तपासले होते. त्यातल्या ४२ टक्के लिलावांत शेवटची बोली त्याच साइटवर त्याच वेळी उपलब्ध असलेल्या ठरावीक किमतीच्या वर गेली होती. उरलेल्या ५८ टक्क्यांना स्पर्धेचा आनंद कळला नाही, असंच म्हणायचं.

तर यंत्र जिंकलात. भाचा न्यू जर्सीहून आला, त्याने कपड्यांत गुंडाळून आणलं. माळ्यावरून तुमच्या जुन्या कॅसेटी काढा. ती ‘९९९९ इन १’सुद्धा, जिच्यात सातव्या गेमनंतर पहिलाच गेम नाव बदलून यायचा. कॅसेट खाचेत घाला. जाणार नाही. फुंकर मारा. (निंटेंडोने सांगून ठेवलं होतं की फुंकू नका, ओल लागून पिना गंजतात; पण कंपनीला काय कळतंय?) तरीही जाणार नाही. कारण दिवाळीत हट्ट करून मिळवलेलं तुमचं यंत्र फॅमिकॉमची, म्हणजे निंटेंडोच्याच जपानी यंत्राची, नक्कल होतं. त्याच्या कॅसेटला ६० पिना, आणि तुम्ही जिंकलेल्या अमेरिकन निंटेंडोला लागते ७२ पिनांची. हे कुठेही वाचायला मिळालं असतं, पण आपलं ठरलंय ना, वाचायचं नाही.

खचू नका. जपान आहे. तिथे याहूचे लिलाव १९९९पासून चालू आहेत आणि फॅमिकॉम ढिगाने मिळतात. ते १९८३ साली १४,८०० येनला निघाले होते. लाल-पांढरा देह, दोन्ही कंट्रोलर यंत्रातच कायमचे जोडलेले, दुसऱ्यात चक्क माइक. बरेच विक्रेते परदेशी माल पाठवत नाहीत, त्यामुळे मध्ये दलाल कंपनी घ्यावी लागते: तिचं कमिशन, जपानातलं पोस्ट, पॅकिंग, बाहेरचं पोस्ट, मग आपलं कस्टम. यंत्राची किंमत या सगळ्यात शोधावी लागते, हे चांगलंच. शिवाय तिथे बहुतेक लिलावांत शेवटच्या ५ मिनिटांत बोली आली की वेळ ५ मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे दोन हट्टी माणसं भेटली तर तो लिलाव सवाई गंधर्वातल्या रात्रीच्या मैफलीसारखा रंगत जातो आणि उठावंसं कोणालाच वाटत नाही. विक्रेते इतके प्रामाणिक की नखाएवढ्या ओरखड्याचाही फोटो टाकतात आणि वर ‘जंक’ असं लिहून तक्रार व परतीची वाट बंद करतात.

ते आलं की जपानी अ‍ॅडॅप्टर थेट भिंतीतल्या प्लगमध्ये लावा. तो १०० व्होल्टचा, आपली वीज २३०ची. जो आवाज येईल तो गेमचा नाही. मग लॅमिंग्टन रोडला जाऊन स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. दुकानदार विचारेल, “काय चालवणार?” खरं सांगू नका, मिक्सर म्हणा. यंत्र चालू होईल, पण टीव्हीवर काही येणार नाही. फॅमिकॉमचं चित्र जपानच्या १ किंवा २ नंबरच्या चॅनलवर निघतं, ९० ते १०२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. आपल्याकडे तिथे एफएम रेडिओ लागतो.

तेव्हा आता फक्त एक डब्बा टीव्ही पाहिजे, जपानी चॅनल पकडणारा. गल्लीतल्या रिपेअरवाल्याकडे एक आहे. त्याने फोटोही पाठवलाय: “एकदम चालू कंडिशन साहेब, फक्त चित्र येत नाही. भाव करू नका, दुसरी पार्टी पण विचारतेय.”