सुई लावल्याने नसेची गाठ कॅन्सरची होत नाही

"नसेवरच्या गाठीला सुई लावू नका, लगेच कॅन्सर होतो. ऑपरेशन केलं की हात लुळा पडतो. एकाला झाली की घरात सगळ्यांना होते." हा मेसेज मला गेल्या आठवड्यात तिघांनी पाठवला, त्यात माझी मावशीही. तिच्या दंडात गाठ आहे आणि आता ती तपासणीच टाळतेय. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, अशा गाठींचे तुकडे काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहते, म्हणून लिहिते. नस म्हणजे इथे रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू.

आधी सुई, म्हणजे गाठीतल्या पेशी सुईने काढून तपासणं. पेशींच्या जनुकांत बदल होत गेले की कॅन्सर होतो. सुई टोचून ते बदल होत नाहीत. बहुतेक वेळा गाठ आधीपासूनच वाईट असते, सुईने ते कळतं आणि खापर सुईवर फुटतं. एक मात्र खरं, नसेच्या गाठीला सुई लागली की करंट बसल्यासारखी कळ पार बोटांपर्यंत जाते. ती कॅन्सरची नव्हे, गाठ नसेची असल्याची खूण. तसा संशय असेल तर आधी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घेणं बरं.

ऑपरेशनबद्दलची भीती अगदीच निराधार नाही. चरबीची गाठ समजून, जागेवरच भूल देऊन कापायला घेतली तर नस तुटू शकते. पण म्हणूनच आधी निदान हवं! श्वानोमा ही गाठ नसेवर आवरण घालणाऱ्या श्वान पेशींची असते (थिओडोर श्वान या शास्त्रज्ञाचं नाव). तिला स्वतःची पिशवी असते, नसेचे तंतू बाजूला सरकलेले असतात, त्यामुळे जाणकार सर्जन बहुतेकदा ती नस राखून सोलून काढतात. न्यूरोफायब्रोमा ही नसेची दुसरी गाठ; तिच्यात तंतू गाठीच्या आतूनच जातात, तिथे काम अवघड.

काचेवर श्वानोमात दाट आणि विरळ असे दोन भाग दिसतात. दाट भागात पेशींची केंद्रकं समोरासमोर रांगा करून उभी असतात. व्हेरोके यांनी 1910 मध्ये वर्णन केलेली ही रचना ओळखीची झाली की विसरत नाही. एस-100 या प्रथिनाचा शोध घेणारा रंग श्वानोमात जवळजवळ सगळ्याच पेशी घेतात, न्यूरोफायब्रोमात फक्त काही पेशी. जुन्या श्वानोमात केंद्रकं मोठी, वेडीवाकडी होतात आणि घाईत बघणारा त्याला कॅन्सर म्हणू शकतो. पण विभागणाऱ्या पेशी तिथे क्वचितच सापडतात. श्वानोमाचा कॅन्सर होणं अतिशय दुर्मिळ आहे.

आनुवंशिकतेचं म्हणाल तर एकटी गाठ बहुधा आनुवंशिक नसते. न्यूरोफायब्रोमॅटोसिस-1 हा आजार वेगळा, त्यात जनुकातल्या बदलामुळे नसांवर अनेक गाठी येतात. तो साधारण 3000 जणांत एकाला होतो आणि त्यांतल्या निम्म्यांच्या आईवडिलांना तो नसतोच. अंगावर चहाच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग असतील, किंवा त्या आजारातली एखादी खोल गाठ झपाट्याने वाढू लागली, दुखू लागली, तर थांबू नये. अशा वाढणाऱ्या गाठीत कॅन्सरची शक्यता खरी असते.

मावशीला मी एवढंच सांगितलं: गाठीवर टिचकी मारल्यावर बोटांत मुंग्या येतात का, हे डॉक्टरांना आपणहून सांग. आणि गाठ काढलीच तर ती तपासायला पाठवायला लाव.