आतड्याला चिकटलेला पाच किलो मळ शोधूनही का सापडत नाही

एक मजकूर सध्या फोनवरून फोनवर फिरतो आहे. गोषवारा असा: प्रत्येकाच्या मोठ्या आतड्याला पाच ते दहा किलो जुना मळ चिकटलेला असतो. तो कुजतो, त्याचं विष रक्तात उतरतं आणि थकवा, डोकेदुखी, मुरुमं, सांधेदुखी मागे लागते. उपाय म्हणून तीन दिवस फक्त फळांच्या रसावर राहायचं, रोज सकाळी उपाशीपोटी एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे मीठ घालून प्यायचं आणि रात्री इसबगोलात बेंटोनाइट मातीची पूड कालवून घ्यायची. शेवटी लिहिलेलं असतं, "काय बाहेर पडतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

हे शेवटचं वाक्यच या दाव्याचं खरं बळ आहे, कारण करणाऱ्याला काहीतरी दिसतं, हे खोटं नाही. प्रश्न एवढाच की जे दिसतं ते येतं कुठून.

"भिंतीला वर्षानुवर्षांचा मळ चिकटलेला असतो"

चिकटून राहायला भिंत तरी टिकायला हवी. लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशी तीन ते पाच दिवसांत झडतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. मोठ्या आतड्याचं अस्तरही साधारण आठवडाभरात बदलतं. त्यावरचा बुळबुळीत श्लेष्म सतत नवा तयार होतो आणि जुना मळाबरोबर पुढे सरकतो. पोट रिकामं असताना दर दीड-दोन तासांनी जठराकडून लहान आतड्याच्या टोकाकडे आकुंचनांची एक लाट झाडू मारत जाते. दोन जेवणांच्या मधे पोटात गुरगुरतं ते पुष्कळदा हिच्यामुळेच. खाल्लेलं बाहेर पडायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. बद्धकोष्ठ असेल तर हा काळ लांबतो, पण तोही दिवसांतच मोजायचा असतो.

कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठं आतडं कॅमेऱ्याने आतून बघण्याच्या तपासणीच्या, आधी रुग्णाला जुलाबाचं औषध देतात. काही तासांत आतडं रिकामं होतं आणि कॅमेऱ्यात गुलाबी, चकाकणारं अस्तर दिसतं. त्याखालच्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळंही ओळखू येतं. तयारी कच्ची राहिली तर मळ दिसतो, पण तो पाण्याच्या फवाऱ्याने बहुधा निघून जातो. दहा किलोंचा लेप असता तर ही तपासणी कुणाचीच झाली नसती.

मळ कधीच अडकत नाही, असं मात्र नाही. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांमध्ये किंवा अफूच्या वर्गातली वेदनाशामकं घेणाऱ्यांमध्ये गुदाशयात मळाचा कडक गोळा बसतो. त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो, घरच्यांना वाटतं जुलाब लागले, आणि जुलाब थांबवायची गोळी दिली की गोळा आणखी घट्ट होतो. डॉक्टरांना तो बहुधा बोटाने तपासून कळतो. पण हा एका जागी अडलेला काही दिवसांचा मळ असतो आणि त्याचा उपचार वेगळा आहे.

"रबरासारख्या लांब काळपट पट्ट्या पडतात, फोटो पाहा"

सगळ्यात जास्त पटवणारा पुरावा हाच, आणि तो घरी पेल्यात करून बघता येतो. पेलाभर पाण्यात एक चमचा इसबगोल आणि अर्धा चमचा तीच माती ढवळा, अर्धा तास ठेवा. इसबगोलाचा पाणी धरणारा चिकट गर आणि फुगणारी माती मिळून लवचिक, ओढली तर ताणली जाणारी लगदी तयार होते. आतड्यातून जाताना तिला आतड्याच्या वळ्यांचा आकार येतो आणि पित्तामुळे रंग गडद होतो. म्हणजे सकाळी बाहेर पडलेली पट्टी आदल्या रात्रीच प्यालेली असते.

"यकृत साफ करून पित्तखडे पाडा" हा याच दाव्याचा भाऊबंद. त्यात ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पितात, मग हिरवट मऊ खडे पडतात. २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशा खड्यांचं पृथक्करण छापून आलं. खऱ्या पित्तखड्यांत असतं ते कोलेस्टेरॉल, बिलिरुबिन (पित्तातलं रंगद्रव्य) किंवा कॅल्शियम त्यांत सापडलं नाही. बहुतांश मेदाम्लं, म्हणजे तेलातूनच सुटणारी आम्लं, होती. प्यालेल्या तेलाचा पोटात साबण झाला होता.

"तीन दिवस काही खाल्लं नाही तरी मळ आला, म्हणजे तो जुनाच"

मळ म्हणजे उरलेलं अन्न, असं धरलं की हा तर्क बिनतोड वाटतो. पण मळात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं. उरलेल्या घन भागाचा पाव ते निम्मा हिस्सा जीवाणूंचा, शिवाय झडलेल्या पेशी, श्लेष्म आणि पित्ताचे अवशेष. हे उपाशी माणसातही बनतच राहतं. जेवण-पाणी आणि लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस, आतड्याचे स्राव मिळून दिवसाला जवळपास ९ लिटर द्रव आतड्यात येतो. त्यातला दीड लिटरच्या आसपास मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो आणि मळावाटे जेमतेम १०० ते २०० मिलिलिटर बाहेर पडतो. जुलाब करवून घेतले की हे शोषण अर्धवट राहतं आणि दिवसभर काहीतरी पडत राहतं. पाहणाऱ्याला वाटतं, साठा संपतच नाही.

"पहिल्याच दिवशी दोन किलो उतरले"

ते पाणी आणि आतड्यातला रोजचा ऐवज. जेवण सुरू केलं की दोन-तीन दिवसांत वजन परत जागेवर येतं. अन्नातली ऊर्जा बव्हंशी लहान आतड्यातच शोषली गेलेली असते, त्यामुळे मोठं आतडं कितीही धुतलं तरी चरबी हलत नाही.

"विष रक्तात जातं, साफ झाल्यावर किती हलकं वाटतं"

ही कल्पना जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचे नामांकित शल्यचिकित्सक आर्बथनॉट लेन याच समजुतीने बद्धकोष्ठाच्या रुग्णांची मोठी आतडी कापून काढत. १९१९ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर वॉल्टर अल्व्हारेझ यांनी साधी गोष्ट पुढे ठेवली: शौचाला झालं की डोकं जड होणं, अस्वस्थता काही मिनिटांत जाते. रक्तात विष भिनलं असतं तर ते उतरायला तास लागले असते. त्रास होतो तो गुदाशय ताणला गेल्यामुळे, आणि ताण सुटला की हलकं वाटतं.

आतड्यात नकोसे पदार्थ तयार होतात, उदाहरणार्थ अमोनिया. पण आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं. तिथे अमोनियाचा युरिया होतो आणि तो मूत्रपिंडं बाहेर टाकतात. सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जातं त्या आजारात, हे काम कोलमडतं, अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो आणि माणूस बरळू लागतो. तेव्हा डॉक्टर लॅक्ट्युलोज हे मळ मऊ करणारं औषध देऊन दिवसाला दोन-तीन मऊ शौच होतील असं बघतात. यकृत ठीक असलेल्या माणसाला हा नियम लावणं चूक.

"मिठाचं पाणी नैसर्गिक आहे, अपाय नाही"

जरा हिशोब करू. लहान चमचे, तेही सपाट भरलेले धरले, तरी दोन चमचे म्हणजे सुमारे १२ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाचा आहे. इथे ते पंधरा मिनिटांत पोटात जातं. चमचे शिगोशीग भरले तर आकडा आणखी वर. रक्ताशी समतोल असलेल्या सलाइनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं. हे द्रावण त्याहून खारट असल्याने शरीरातलं पाणी आतड्यात ओढतं. सोडियमचा काही भाग रक्तात शिरतो, जुलाबावाटे पोटॅशियम जातं, आणि पुष्कळांना उलटी होते ती वेगळीच. उच्च रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, गर्भारपण, यांपैकी काही असेल तर हा खेळ धोक्याचा आहे. शिवाय अपस्माराच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या नीट शोषल्या जाण्याआधीच वाहून जाऊ शकतात.

"डॉक्टरही कोलोनोस्कोपीआधी हेच करतात की!" हा युक्तिवाद हमखास येतो. डॉक्टर देतात त्या पुडीत पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे आतड्यात पाणी धरून ठेवणारं औषध असतं, आणि सोडियम-पोटॅशियम अशा मापाने घातलेलं असतं की आतडं आणि रक्त यांच्यात पाण्याची देवघेव जवळपास होत नाही. म्हणूनच तीन-चार लिटर प्यायलं तरी चालतं. आतडं धुवायला गुदद्वारातून कॉफी सोडतात, त्या एनिमाबद्दल एवढंच, की त्याने गुदाशय भाजल्याच्या नोंदी आहेत.

जुलाबाने आतड्यातले जीवाणूही वाहून जातात. निरोगी माणसात ते बहुधा दोनेक आठवड्यांत सावरतात. पण हे जीवाणू अन्नातले तंतू (फायबर) आंबवून ब्युटिरेट नावाचं मेदाम्ल बनवतात आणि मोठ्या आतड्याच्या पेशींचं ते मुख्य इंधन आहे. "दर महिन्याला करा" या सल्ल्याने नेमकी ही व्यवस्था वारंवार विस्कटते.

मग पोट साफ होत नाही त्याने काय करायचं?

आधी खरंच बद्धकोष्ठ आहे का ते ठरवा. दिवसाला तीनदा ते आठवड्याला तीनदा, एवढी मोकळीक स्वाभाविक आहे. वेळांपेक्षा मळाचा पोत जास्त सांगतो. १९९७ च्या ब्रिस्टल तक्त्यात मळाचे सात प्रकार आहेत. १ आणि २ म्हणजे सुट्या कडक गोळ्या किंवा गाठाळ लांबट मळ, ते बद्धकोष्ठ. ३ आणि ४ ठीक.

इसबगोल उपयोगी आहे, मातीशिवाय. एका लहान चमच्यापासून सुरुवात करा, २५० मिलिलिटर पाण्यात ढवळून लगेच प्या आणि वर आणखी एक पेला पाणी घ्या. चार-पाच दिवसांनी गरज वाटली तर चमचा वाढवा. कोरडा फाकला किंवा ढवळून ठेवून दिला तर तो घशात फुगून अडकू शकतो, म्हणून गिळायला त्रास असणाऱ्यांनी घेऊ नये. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर राखा. आहारातला तंतूही आठवड्याला ५ ग्रॅमच्या बेताने वाढवत दिवसाला २५ ते ३० ग्रॅमपर्यंत न्या. एकदम वाढवला की पोट फुगतं आणि लोक तंतूलाच दोष देतात.

न्याहारीनंतर अर्ध्या तासात मोठं आतडं सर्वात जागं असतं, तीच वेळ पाळा. कमोडवर बसताना पायांखाली २० सेंटिमीटर उंचीचं पाट घ्या म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतील, आणि थोडं पुढे झुका. दहा मिनिटांत झालं नाही तर कुंथत बसू नका, उठा.

एवढ्याने भागलं नाही तर पॉलिइथिलीन ग्लायकॉलची रोजची मात्रा डॉक्टरांना विचारून घेता येते. मोठ्यांना सहसा १७ ग्रॅम, पेलाभर पाण्यात. परिणाम दिसायला एक ते तीन दिवस लागतात, त्यामुळे पहिल्याच रात्री दुप्पट घेऊ नका. लोह, कॅल्शियम, कोडीन हे वेदनाशामक, रक्तदाबाचं व्हेरापॅमिल, काही नैराश्याच्या गोळ्या यांनीही आतडं मंदावतं, तेव्हा औषधांची यादी दाखवा; थायरॉइडही तपासून घ्या. मऊ मळालाही खूप कुंथावं लागत असेल किंवा बोटाची मदत घ्यावी लागत असेल, तर अडचण बहुधा ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची असते. ते शौचाच्या वेळी सैल होण्याऐवजी आवळतात. त्यावर बायोफीडबॅकने, म्हणजे स्नायू आवळले की सैल झाले हे यंत्रावर बघत, केलेला सराव लागू पडतो. अशा माणसाला तंतू वाढवत नेला की त्रासच वाढतो.

मळातून रक्त, डांबरासारखा काळा मळ, कारण नसताना घटणारं वजन, रक्तातलं लोह कमी होणं, झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पंचेचाळिशीनंतर शौचाच्या सवयीत अचानक झालेला बदल, यांत घरगुती उपायांवर आठवडे घालवू नका. आणि पोट टम्म फुगलं आहे, उलट्या होताहेत, वाराही सरत नाही, असं असेल तर आतड्यात अडथळा असू शकतो. तेव्हा मिठाचं पाणी, एरंडेल, इसबगोल, एनिमा यांपैकी काहीही न देता थेट रुग्णालय गाठा.