रशियन कान, मराठी उशी

रशियन भाषेत एका कानाला 'ऊखो' म्हणतात आणि दोन कानांना 'ऊशी'. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळच्या वर्गाला जायचो, तेव्हा हे ऐकून मी वहीत 'उशी म्हणजे कान' असं लिहिलं आणि शेजारच्याला दाखवून खिदळलो. बाईंनी भर वर्गात कानउघाडणी केली. त्या वर्षभराच्या शिक्षणातलं आज काही शिल्लक असेल तर ती उशी, आणि 'कृपया', 'चहा', 'किती झाले' असे चिल्लर शब्द.

एवढ्या भांडवलावर मी मागच्या वर्षी भाच्याला भेटायला कझानला निघालो. तो तिथे डॉक्टरकी शिकतो. ताईने मेतकूट, भाजणी आणि लसणाची चटणी मिळून पाच किलोचं बोचकं दिलं आणि मॉस्कोहून पुढे रात्रीची रेल्वे आहे, झोपून जाशील, असंही सांगितलं. ताई त्या गाडीत कधी बसलेली नाही.

प्लात्सकार्तचा डबा म्हणजे आपला स्लीपर क्लासच. एका डब्यात 54 बर्थ, मध्ये दार नाही. समोरच्या बर्थवर एक भरभक्कम गृहस्थ होते. फार प्रेमळ माणूस. त्यांनी मला काकडी दिली, उकडलेलं अंडं दिलं, मी दिलेली लसणाची चटणी बोटाने चाटून डोळ्यांत पाणी आणलं. मग दिवे मंद झाले, ते भिंतीकडे वळले आणि दोन मिनिटांत घोरायला लागले.

घोरणं मला नवीन नाही. आमचे आजोबा घोरायचे, पण त्याला एक लय होती, जात्यावर दळण चालल्यासारखी. या गृहस्थांचं शंटिंग होतं. डबे सुटायचे, पुढे जायचे, मग सगळं शांत. आता संपलं असं वाटून मी कूस बदलली की लांबून येऊन धाडकन जोडले जायचे. रशियनमध्ये घोरण्याला 'ख्राप' म्हणतात. हा शब्द ज्याने केला, तो नक्की प्लात्सकार्तने फिरलेला असणार. मी कागदी रुमालाचे बोळे करून कानात घातले. एक पहाटे निघाला. दुसरा दुपारी भाच्याने चिमट्याने काढला.

परतीचं तिकीटही त्याच वर्गाचं होतं. त्यामुळे कझानमध्ये चाक-चाक ही तिथली प्रसिद्ध मिठाई घेण्याआधी मी हिरव्या क्रॉसची पाटी शोधून औषधाच्या दुकानात शिरलो. भाचा कॉलेजला होता. मोबाईलच्या शब्दकोशात 'बूच' शोधलं, 'प्रोब्का' आलं. म्हटलं, झालं काम.

"कृपया, कान, प्रोब्का," मी म्हणालो.

"कुठल्या कानात?" काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

"दोन्ही."

"किती दिवस?"

"दोन रात्री."

त्यांनी सहानुभूतीने मान हलवून थेंबांची बाटली पुढे ठेवली. हे घाला म्हणजे प्रोब्का विरघळेल.

मला विरघळणारं बूच कशाला हवं? "नाही, नाही. माझ्याकडे प्रोब्का नाही. मला प्रोब्का पाहिजे!"

दुकानात शांतता पसरली. कानात साचून दगड झालेल्या मळालाही 'प्रोब्का'च म्हणतात, हे मला संध्याकाळी कळलं. म्हणजे जो मळ काढून घ्यायला लोक पैसे देतात, तो विकत घ्यायला भारतातून एक माणूस आला होता. (ट्रॅफिक जॅमलाही प्रोब्काच म्हणतात. तो मात्र मी पुण्याहून आणू शकलो असतो.)

रांगेतल्या आजी म्हणाल्या, "मालादोय चिलावेक, डॉक्टरकडे जा." याचा अर्थ 'तरुण माणसा'. मी त्रेपन्न वर्षांचा आहे, त्यामुळे बरं वाटलं. पण झोपेचा प्रश्न होता. मग मी लाज सोडली. काउंटरवर डोकं टेकलं, डोळे मिटले आणि समोरच्या बर्थवरच्या गृहस्थांचं शंटिंग जसंच्या तसं काढून दाखवलं. मग दचकून उठलो आणि दोन्ही कानांत बोटं घातली.

"आ-आ-आ!" अख्खी रांग एका सुरात म्हणाली. "बिरूशी!"

मला ऐकू आलं 'बिरू ऊशी'. 'बिरू' म्हणजे 'मी घेतो', तेवढं मला येत होतं. मी कान घेतो? की मी उशी घेतो? "उशी गाडीत देतात," मी मराठीतच म्हणालो. तोवर बाईंनी स्पंजच्या नारिंगी गोळ्यांची डबी ठेवलीसुद्धा.

भाच्याने रात्री उलगडा केला. "मामा, 'बिरिगी ऊशी', म्हणजे 'कान सांभाळ'. त्याचंच आखडून 'बिरूशी'." सोव्हिएत काळात शब्द असे कापून जोडायची हौसच होती. सामुदायिक शेतीचं 'कोलखोज' त्यातलंच. आणि हे बोळे म्हणे मूळचे स्पंजचे नव्हतेच. इगोर पेत्र्यानोव-सोकोलोव या रसायनशास्त्रज्ञाने गाळण्यांसाठी अतिशय बारीक तंतूंचं कापड केलं होतं. 'पाकळी' नावाचे त्याचे मुखवटे 1986 मध्ये चेर्नोबिलला वापरले गेले. त्याच तंतूचे बोळे करून लोक कानात घालायचे, आणि नावही त्यानेच ठेवलं असं सांगतात. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला. कापसाच्या बोळ्याला आपण बोळाच म्हणत राहिलो. त्याने बोळ्याला आज्ञार्थ दिला.

"आणि उशीला काय म्हणतात?"

"पदूश्का. काही जण म्हणतात, 'पद' म्हणजे खाली, आणि 'ऊश' म्हणजे..."

"कानाखाली?"

"कानाखाली."

आमच्याकडे कानाखाली जे मिळतं, त्याने झोप उडते.

परतीच्या गाडीत मी ऐटीत डबी उघडली. एक गोळी कानात गेली, दुसरी हातातून निसटून बर्थखाली घरंगळली. डब्याची देखभाल करणाऱ्या प्रवद्नीत्साबाई चहाचे ग्लास गोळा करत होत्या. त्यांना सांगायचं होतं की माझी एक हरवली. पण एका बिरूशीला काय म्हणायचं?

"बिरूशा," त्या म्हणाल्या.

"बिरूश," समोरच्या काकू म्हणाल्या. "पुल्लिंगी."

"स्त्रीलिंगी!"

पलीकडच्या बर्थवरून कोणीतरी म्हणालं की याला एकवचनच नाही. त्यावर तिसऱ्या बर्थवाला शाळेत व्याकरण शिकवलेला निघाला. मंद केलेले दिवे पुन्हा लागले. मी उजवा कान उशीत खुपसला आणि डाव्या कानातली गोळी आणखी दाबली. अर्धा तास झाला तरी दोन्हीतून 'बिरूश-बिरूशा' येतच होतं.

शेवटी वरच्या बर्थवरून एक केसाळ हात खाली आला. माझ्या डबीकडे बोट दाखवून तो माणूस काकुळतीने म्हणाला, "मालादोय चिलावेक, एक जोडी मला द्या. जोडीला काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे."