‘लागलं का?’ ‘हो सर!’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

पशुवैद्यक कॉलेजातल्या शिक्षक-विद्यार्थी विश्वासावर, प्रात्यक्षिकात ‘जमलं नाही’ असं मुलांना खरं सांगता यावं यावर मी लिहिलं, त्यावर तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. उरलेल्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मी शिक्षकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. मुलं हजेरीत लबाडी करतात, नीटमध्ये एमबीबीएस हुकलं म्हणून नाइलाजाने इकडे येतात, तेव्हा आधी त्यांनी प्रामाणिक व्हावं आणि मग विश्वासाच्या गोष्टी कराव्यात. ‘जमलं नाही’ म्हणणाऱ्याला सोडून दिलं तर शिस्तच उरणार नाही. आणि शेवटी, ज्या कॉलेजातलं ऐकून मी तो लेख लिहिला, त्याचं नाव जाहीर करा.

हजेरीचं आधी उरकतो. ७५ टक्क्यांची अट आहे आणि मित्राच्या नावाने ‘प्रेझेंट सर’ ओरडणारे प्रत्येक बॅचमध्ये निघतात. पकडा, परीक्षेला बसू देऊ नका, माझी काही हरकत नाही. नीटचं मात्र पटत नाही. नाइलाजाने आलेला खोटारडा आणि आवडीने आलेला सच्चा, अशी वाटणी मी तरी कुठे पाहिली नाही.

पण माझा मुद्दा हजेरीचा नव्हताच. तो खोड्यात, म्हणजे जनावर अडकवायच्या चौकटीत, उभ्या केलेल्या गायीच्या मागे उभ्या असलेल्या मुलाचा होता. तुम्ही आयुष्यभर प्रजननशास्त्र शिकवलंत, तुम्हाला हे चित्र नवं नाही. खांद्यापर्यंत प्लॅस्टिकचा हातमोजा, साबणाचं पाणी, आणि मागे रांग. गर्भाशय आणि बीजकोष चाचपायला मुलगा गुदमार्गाने हात आत घालतो तोच आतडं आवळतं. मनगट बधिर होतं, बोटांना काही म्हणजे काही कळत नाही. अशा वेळी जोर न लावता थांबायचं असतं, पकड सैल होऊ द्यायची असते. पण रांग थांबत नाही. सर विचारतात, ‘डाव्या बीजकोषावर सीएल आहे, लागलं का?’ (सीएल म्हणजे कॉर्पस ल्युटियम, बीज सुटल्यावर तिथे तयार होणारी गाठ.) आधीच्या सगळ्यांनी ‘हो सर’ म्हटलेलं असतं. हाही म्हणतो. जर्नलमध्ये लिहितो, सही होते. आठव्या-दहाव्या मुलाच्या हातमोज्यावर रक्ताची रेघ दिसली तरी कोणी बोलत नाही, कारण बोललं तर प्रात्यक्षिक बंद पडणार. त्या गायीचं काय, हा प्रश्न तर कोणाच्या जर्नलमध्ये येतच नाही.

आता यात खोटं कोण बोललं? मुलगा बोलला, मान्य. पण प्रश्नच असा होता की उत्तर त्यातच दिलेलं होतं.

हे खोटं कॉलेजात राहत नाही. मी संगमनेरच्या बाजूला प्रॅक्टिस करतो. इथे एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय दारोदार आहे आणि शेतकऱ्याचं पहिलं वाक्य असतं, ‘डॉक्टर, हात घालून बघा, राहिलीय का?’ गेल्या वर्षी एका गोठ्यात अडीच महिन्यांपूर्वी भरवलेली गाय होती. नव्याने पास झालेल्या एका डॉक्टरने हात घातला, ‘खाली आहे’, म्हणजे गाभण नाही, म्हणाला आणि माजावर यावी म्हणून प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन दिलं. गाय गाभण असेल तर त्याने गर्भ पडतो. चौथ्या दिवशी उंदराएवढं पिल्लू शेणात पडलेलं गोठ्याच्या मालकीणबाईंना दिसलं. मला बोलावलं तेव्हा त्या वार (गर्भाचं वेष्टण) पडली का एवढंच विचारत होत्या. नंतर मी त्या डॉक्टरशी बोललो. मुलगा कामचुकार नाही, उलट रात्री-अपरात्री जाणारा आहे. तो म्हणाला, ‘दादा, मला गर्भाशयाचं शिंग नीट सापडलंच नव्हतं. पण सापडलं नाही असं म्हणायची सवयच नाही हो.’

‘आठ दिवसांनी पुन्हा बघू’ एवढंच म्हणायचं होतं. त्यात त्याची पत गेली नसती आणि बाईंचं एक वेत वाचलं असतं.

तुम्ही म्हणता, आधी विद्यार्थ्याने प्रामाणिक व्हावं. मी म्हणतो, ज्याच्या हातात मार्क आहेत त्याने आधी. कारण खरं बोलून विद्यार्थ्याचं नुकसान होऊ शकतं, शिक्षकाचं होत नाही. हा शिक्षकांवर आरोप नाही, हिशोब आहे. आणि हे जमवणारे शिक्षक मी पाहिले आहेत. आम्हाला एक सर होते, ते स्वतः आधी गाय तपासून निष्कर्ष चिठ्ठीवर लिहायचे, चिठ्ठी खिशात ठेवायचे आणि प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारायचे, ‘काय लागलं?’ ‘काहीच नाही सर’ हेसुद्धा ते पूर्ण उत्तर मानायचे. मग त्या मुलाला कत्तलखान्यातून आणलेले म्हशीचे अवयव बादलीत घालून, वर गोणपाट टाकून, चाचपायला लावायचे. जे अवयवात नव्हतंच ते ‘लागलं’ म्हणणारा मात्र त्या दिवशी धारेवर धरला जायचा. सैल शिस्त म्हणाल का याला? मला तर ती कडकच वाटली.

‘सोडून देणं’ याबद्दल अजून एक, कारण इथे तुमचा-माझा खरा मतभेद आहे. ब्रुसेल्ला या जनावरांचा गर्भ पाडणाऱ्या आणि माणसालाही होणाऱ्या रोगाची एस-१९ लस जिवंत जंतूंची असते. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना टोचताना जनावर उसळतं आणि सुई स्वतःच्याच बोटात जाते, असं होतं. लगेच सांगितलं तर जखम धुवून, माणसांच्या डॉक्टरकडे जाऊन औषध सुरू करता येतं. लपवलं तर काही आठवड्यांनी ताप येतो, जातो, पुन्हा येतो, सांधे धरतात, आणि ब्रुसेल्लाचा संशय कोणाला येत नाही. सरांचा ओरडा चुकवायला सुई लागल्याचं लपवणारी मुलं आहेत, आणि ती मूर्ख नाहीत. सुई टोचून घेण्याबद्दल शिक्षा कराल तर पुढच्या वेळी तुम्हाला कळणारही नाही. लपवल्याबद्दल करा, जरूर करा.

तुम्ही भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या १९९२ च्या आचारसंहितेचा दाखला दिलात. ती नोंदणीकृत पशुवैद्यकांसाठी आहे. खोड्यामागच्या रांगेतल्या मुलाची अजून नोंदणीच झालेली नसते. त्याला आचारसंहिता कळते ती सर काय विचारतात आणि काय ऐकून घेतात, यावरून.

राहिलं कॉलेजचं नाव. ते देणार नाही. मला ज्यांनी सांगितलं त्यातल्या दोघांची इंटर्नशिप चालू आहे आणि सह्या अजून त्याच विभागातून व्हायच्या आहेत. बॅच लहान आहे, नाव दिलं तर कोण बोललं हे संध्याकाळपर्यंत कळेल. तुमच्या ओळखीचं कॉलेज असेल तर तुम्हीच फोन करून त्यांना त्या चिठ्ठीची पद्धत सांगा, तुमचं ते ऐकतील.