न मरणारा शत्रू, दोनदा: ‘हेलबॉय २’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आपण पेडण्याहून लिहिलंय की ‘हेलबॉय २ : द गोल्डन आर्मी’ (२००८) हा चित्रपट म्हणजे दशावतारातला नुसता संकासुर राक्षस, सोंग झकास आणि कथा पातळ. २००४च्या पहिल्या भागात नरकातून आलेला नायक हेलबॉय आणि त्याला वाढवणारा प्रोफेसर ब्रूम यांचं बाप-लेकाचं नातं होतं म्हणून तोच सरस, आणि दुसऱ्यातला वनदेवाचा प्रसंग कापला तरी काही बिघडत नाही, असं आपलं म्हणणं.

बाप-लेकाचं मान्य. जॉन हर्टच्या प्रोफेसर ब्रूमचा मृत्यू लागतो तसं दुसऱ्या भागात काही लागत नाही. पण संकासुराची उपमा आपल्यावरच उलटते. तो वेद पळवतो म्हणून विष्णूला यावं लागतं, म्हणजे सोंगाला काम असतं. दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरोने दुसऱ्या भागात सोंगांना कामाला लावलंय. पहिल्यात ते जमलं नव्हतं.

दोन्हीकडे शत्रू न मरणारा आहे, तेवढं ताडून पाहा. पहिल्यात सामाएल नावाचा राक्षस: एक मारला की दोन उठतात. नियम भन्नाट, पण त्याचा उपयोग एवढाच की तीच मारामारी आधी शहरात, मग भुयारात आणि शेवटी मॉस्कोत होते. अखेर हेलबॉयची प्रेयसी लिझ, जिच्या अंगातून आग निघते, ती सगळ्यांना जाळते आणि मोठा राक्षस हातबॉम्बने फुटतो. हातबॉम्ब पहिल्या प्रसंगातही आणता आला असता.

दुसऱ्यात सोन्याचे सैनिक, सत्तर गुणिले सत्तर, म्हणजे ४,९००. तुटले की आपोआप जुळतात. इथे दारूगोळा निरुपयोगी, कारण सैन्य मुकुटाच्या हुकमात. मुकुटधाऱ्याला आव्हान द्यायला अंगात राजरक्त हवं, आणि ते हेलबॉयच्या अंगात आहे, नरकाकडचं. ज्या जन्मापासून तो दोन्ही चित्रपटभर पळतो, तोच शेवटी उपयोगी पडतो. मुकुट, त्याचे तीन तुकडे, सैन्य हे सगळं सुरुवातीलाच लाकडी बाहुल्यांच्या गोष्टीतून सांगून होतं. १९५५च्या नाताळात ब्रूमच ती छोट्या हेलबॉयला सांगतो. पहिल्यात माहिती पोचवायला मायर्स नावाचा नवखा एजंट लागला होता आणि लिझवरून त्याचा-हेलबॉयचा रुसवाफुगवा बराच वेळ खातो. दुसऱ्यात त्याची बदली अंटार्क्टिकाला. सुटलो!

जुळ्या भावंडांचंही तसंच. खलनायक राजपुत्र नुआडाला जखम झाली की त्याची बहीण नुआलाच्या अंगावर उमटते. नियम आधी दाखवून ठेवल्यामुळे तिने स्वतःलाच भोसकून भावाला थांबवणं आयत्या वेळची युक्ती वाटत नाही. हेलबॉयचा जलचर सोबती एब याचा जीव तिच्यावर जडलेला, म्हणून तो मुकुटाचा तुकडा शत्रूच्या हवाली करतो. चूक भोळेपणाची नव्हे, प्रेमाची. पहिल्या भागात एब जखमी होऊन शेवटातून बादच होतो! शिवाय तिथे एबचं अंग डग जोन्सचं आणि आवाज डेव्हिड हाइड पिअर्सचा होता. दुसऱ्यात दोन्ही जोन्सचं. दारू पिऊन एब आणि हेलबॉय गातात तो प्रसंग पुन्हा पाहा. मान कलते त्याच क्षणी सूरही घसरतो, आणि हे उसन्या आवाजाने साधणं कठीण.

आता वनदेव. तो कापलात तर चित्रपटाचा कणाच गेला. नुआडा पाण्यात बी टाकतो, त्यातून जातीतला शेवटचा उरलेला महाकाय उगवतो. नुआडा विचारतो की मारशील, तर उरलं काय? हेलबॉय एका हातात तान्हं मूल सांभाळत त्या महाकायाला मारतो, रस्ता हिरवागार होतो आणि वाचलेले लोक हेलबॉयवरच दगड भिरकावतात. आपला कोण, हा प्रश्न इथून त्याच्या मानेवर बसतो आणि शेवटी तो आपलं सरकारी खातं सोडतो ते याच वाटेने. राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, रोटाचा नैवेद्य देणाऱ्या गावांत वाढलेल्या प्रेक्षकाला त्या हिरव्या रस्त्याचा अर्थ समजावून सांगायला नको.

तुमची एक तक्रार मात्र माझ्या मते बिनतोड आहे. हेलबॉय मरणाच्या दारात असताना मृत्युदूत लिझला बजावतो की याला वाचवलंस तर पुढे जगाचं नुकसान होईल, सर्वाधिक तुझं. ती तरीही वाचवते. या निवडीची किंमत कुणी कधी चुकवलेली दिसत नाही. देल तोरोचा तिसरा भाग झालाच नाही, आणि २०१९मध्ये दुसऱ्या दिग्दर्शकाने नव्याने सुरुवात केली.