कपातीचे आकडे खरे आहेत, त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे

एक संदेश सतत फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: ‘टेक क्षेत्र संपलं. कंपन्या हजारोंनी माणसं काढतायत, कारण कोड आता एआय लिहितो. ज्यांना काढलं ते कामात कच्चेच होते. नव्यांना दार बंद. वशिला असेल तरच नोकरी. एकच वाट उरली आहे, एआयचा कोर्स करा.’ पाठवणाऱ्यांना बहुधा खरोखरच काळजी वाटत असते. पण नोकरी गेलेली माणसं हे वाचून अर्ज करायचंच सोडून देतात, आणि ते मला बघवत नाही. म्हणून एकेका विधानाला उत्तर देतो.

‘हजारोंनी काढले, म्हणजे क्षेत्र संपलं.’ काढले हे खरंच आहे. फेसबुकची मालक कंपनी मेटाने नोव्हेंबर २०२२मध्ये ११,०००हून अधिक जणांना घरी पाठवलं आणि मार्च २०२३मध्ये आणखी १०,००० जागा कमी करायचं जाहीर केलं. पण त्याच कंपनीची एकूण संख्या पाहा. २०१९ अखेर सुमारे ४५,००० कर्मचारी होते, २०२२ अखेर ८६,०००. दोन्ही कपातींनंतर, २०२३ अखेर ते ६७,००० उरले आणि २०२४ अखेर पुन्हा ७४,००० झाले. म्हणजे एवढं होऊनही २०२४ अखेर कंपनी कोविड महासाथीच्या आधीपेक्षा दीडपटीहून मोठीच होती. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२३मध्ये १०,००० जागा कमी करत असल्याचं सांगितलं. तिची कर्मचारीसंख्या जून २०२२मध्ये सुमारे २,२१,००० होती आणि जून २०२३मध्येही तेवढीच. एका दाराने माणसं जात होती तेव्हा दुसऱ्या दाराने येतही होती. फक्त कपातीची बातमी होते, भरतीची होत नाही.

ज्याची नोकरी गेली त्याला या आकड्यांनी दिलासा मिळत नाही, हे मला कळतं. त्याच्यासाठी कपात शंभर टक्के असते. पण पुढे कुठे शोधायचं हे ठरवताना चित्र नीट दिसायला हवं.

‘एआयमुळे काढले.’ इथे तारखा बघा. मेटाची पहिली मोठी कपात ९ नोव्हेंबर २०२२ची. चॅटजीपीटी लोकांसमोर आलं ३० नोव्हेंबर २०२२ला. ती लाट एआयने आणलेली नव्हती. महासाथीत सगळं जग ऑनलाइन गेलं, ही वाढ कायम टिकेल असं धरून कंपन्यांनी भरमसाट भरती केली, आणि तो अंदाज फसला. मेटाचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनी कपातीच्या पत्रात हे स्वतःच मान्य केलं होतं. त्यात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने मार्च २०२२मध्ये शून्याजवळ असलेला व्याजदर जुलै २०२३पर्यंत ५.२५ ते ५.५ टक्क्यांवर नेला. पैसा महागला तसा गुंतवणूकदारांनी वाढीऐवजी नफा मागायला सुरुवात केली.

नंतरच्या कपातींत एआयचा हात आहे, पण तो संदेशात म्हटलाय तसा सरळ नाही. मायक्रोसॉफ्टने २०२५मध्ये सुमारे १५,००० जागा कमी केल्या आणि जून २०२५मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात डेटा सेंटरवर ८० अब्ज डॉलर खर्चायचं ठरवलं होतं. एवढा पैसा यंत्रांकडे वळतो तेव्हा इतर खर्चावर ताण येतोच. पण यंत्रासाठी पैसा मोकळा करणं आणि यंत्राने त्या माणसाचं काम करणं यांत फार फरक आहे. क्लार्ना या वित्तसेवा कंपनीने २०२४मध्ये सांगितलं, की तिचा एआय सहायक ७०० ग्राहकसेवा प्रतिनिधींएवढं काम करतो. २०२५मध्ये त्याच कंपनीने सेवेचा दर्जा राखण्यासाठी पुन्हा माणसं घ्यायला सुरुवात केली.

कोडबद्दल तर एक प्रयोगच झाला आहे. मेटर या संशोधन संस्थेने २०२५मध्ये १६ अनुभवी डेव्हलपरना त्यांच्याच ओळखीच्या ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड सर्वांना खुला असतो अशा प्रकल्पांत एआय साधनं वापरून आणि न वापरता कामं करायला दिली. साधनं वापरली तेव्हा १९ टक्के वेळ जास्त लागला. मात्र काम संपल्यावर त्यांना वाटत होतं, आपण २० टक्के लवकर केलं. प्रयोग लहान होता आणि साधनं झपाट्याने सुधारत आहेत, त्यामुळे एआय निरुपयोगी आहे असा अर्थ यातून कुणी काढू नये. मी काढतो तो अर्थ एवढाच, की कोड टाइप करणं हा या कामाचा एक तुकडा आहे. काय बनवायचं हे ग्राहकाशी बोलून ठरवणं, वीस वर्षांचा जुना डेटा न सांडता नव्या सिस्टीममध्ये आणणं, मध्यरात्री सर्व्हर पडला की कारण शोधणं, हे बाकीचं काम माणसाकडेच येतं. म्हणून रेझ्युमेवर ‘एआय येतं’ एवढंच लिहून भागत नाही. एआयने दिलेलं कुठलं उत्तर तुम्ही नाकारलं आणि का, हे मुलाखतीत सांगता आलं पाहिजे.

‘काढलेले कच्चेच होते.’ हे विधान सर्वांत निर्दय आहे आणि त्याला सर्वांत कमी आधार आहे. कपातीत अनेकदा आख्खा प्रकल्प किंवा विभाग बंद होतो, त्यातल्या कुणाचं काम कसं होतं हे पाहिलंही जात नाही. मेटाच्या पहिल्या कपातीत भरती विभागाला जास्त फटका बसला, कारण पुढच्या वर्षी भरतीच कमी होणार होती. तुमच्यावर हीच वेळ आली असेल तर मुलाखतीत एका वाक्यात सांगा, ‘आमची टीम बंद झाली’, आणि थेट तुम्ही केलेल्या कामाकडे वळा. अपराधी स्वर लावायचं काही कारण नाही.

‘नव्यांना दार बंद.’ या विधानात खरेपणा आहे आणि तो लपवणं अन्यायाचं होईल. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२५मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार अमेरिकेत एआयचा सर्वाधिक परिणाम होणाऱ्या व्यवसायांत २२ ते २५ वयाच्या लोकांचा रोजगार तुलनेने १३ टक्के घटला. पूर्वी फ्रेशरला दिली जाणारी छोटी, ठरावीक कामं कमी झाली आहेत. दार अरुंद झालंय हे मान्य. पण बहुतेक नवे उमेदवार एकाच दारापाशी गर्दी करतात: सॉफ्टवेअर विकणाऱ्या नामवंत कंपन्या आणि ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ हे पदनाम.

सॉफ्टवेअर विकणाऱ्यांपेक्षा ते वापरणारे कितीतरी जास्त आहेत. रुग्णालयं, बँका, विमा, वीजवितरण, बंदरं, कारखाने, सरकारी खाती. तिथलं काम चकचकीत नसतं, पण ते थांबवताही येत नाही. एप्रिल २०२०मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर फिल मर्फी यांना जाहीरपणे कोबॉल ही जुनी प्रोग्रामिंग भाषा जाणणारे स्वयंसेवक मागावे लागले, कारण बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा पूर आला होता आणि राज्याची यंत्रणा १९५९ साली जन्मलेल्या त्या भाषेत चालत होती. सगळ्यांनी कोबॉल शिकावं असं मी म्हणत नाही. अशा न दिसणाऱ्या कोपऱ्यांत गरज साचलेली असते, तिकडे पाहा. तिथली पदनामंही वेगळी असतात: ॲप्लिकेशन सपोर्ट, सिस्टीम ॲनालिस्ट, डेटा मायग्रेशन, टेस्ट ऑटोमेशन, नेटवर्क ऑपरेशन्स. जॉब पोर्टलवर फक्त ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’चा अलर्ट लावला असेल तर यांतलं काहीच तुमच्यापर्यंत येणार नाही.

अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाचा २०२३ ते २०३३ या दशकाचा अंदाजही इथे बोलका आहे. सांगितल्याबरहुकूम कोड लिहिणाऱ्या प्रोग्रामरच्या जागा १० टक्क्यांनी घटतील, डेव्हलपर आणि टेस्टरच्या १७ टक्क्यांनी वाढतील आणि माहिती सुरक्षा विश्लेषकांच्या ३३ टक्क्यांनी. अंदाज चुकू शकतो, पण दिशा मला पटते.

‘वशिल्याशिवाय काही होत नाही.’ ओळख लागते, पण वशिला आणि ओळख एक नव्हेत. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३मध्येच दाखवलं होतं, की नोकरीची बातमी जिवलग मित्रांपेक्षा दूरच्या ओळखीतून जास्त येते. लिंक्डइन या व्यावसायिक ओळखींच्या संकेतस्थळावरच्या २ कोटी लोकांचा मोठा अभ्यास २०२२मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही फार जवळचे नाहीत आणि अगदी अनोळखीही नाहीत असे लोकच जास्त उपयोगी ठरले. कारण समजण्यासारखं आहे. जवळच्या मित्रांना त्याच जागा ठाऊक असतात ज्या तुम्हाला आहेत, आणि पुष्कळदा त्यांच्याही नोकरीवर तीच टांगती तलवार असते. दोन नोकऱ्यांपूर्वी ज्या टेस्टरबरोबर एक रिलीज केलं होतं, तो आज वेगळ्या उद्योगात असतो आणि त्याला वेगळं दिसतं.

अशा माणसाला ‘काही असेल तर सांगा’ असं लिहू नका. त्यावर बिचारा काय सांगणार? त्याच्या कंपनीतली नेमकी जागा शोधा, तिच्याशी जुळणारं तुमचं एक काम दोन ओळींत लिहा आणि टीम कशी आहे एवढंच विचारा. मुलाखती घेताना मी पाहिलंय, असं बोलणं करून आलेला उमेदवार पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येतो. त्याचे प्रश्नच वेगळे असतात. रेफरल, म्हणजे आतल्या माणसाने केलेली शिफारस, बहुधा त्या बोलण्यातूनच निघतं.

उरली शेवटची ओळ, ‘एआयचा कोर्स करा’. कित्येकदा तिच्याखाली लिंकही असते, तीन महिन्यांत नोकरीची हमी देणारी. आधी क्षेत्र संपलं म्हणायचं आणि मग त्याच क्षेत्रातल्या नोकरीची हमी विकायची, या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असू शकत नाहीत. शिकायला माझा विरोध नाही. पण पैसे भरण्याआधी त्या वर्गातून बाहेर पडलेल्या दोघातिघांशी स्वतः बोला, आणि संस्थेने पुढे केलेल्यांशी नको, तुम्ही शोधलेल्यांशी बोला. त्यांना विचारा की नोकरी कोणत्या पदावर लागली आणि ती कोर्समुळे लागली की आधीच्या अनुभवामुळे. हमीच्या करारात ‘नोकरी’ची व्याख्या काय आहे तेही वाचा, कारण बिनपगारी इंटर्नशिपही त्यात बसवलेली असू शकते. आणि ऑफर लेटर, लॅपटॉप किंवा पार्श्वभूमी तपासणीच्या नावाखाली जो तुमच्याकडेच आधी पैसे मागतो त्याच्याकडे नोकरी नसते. तिथे बोलणं लगेच थांबवा.